पणाला नेमकं काय लागतं?

डिसेंबर २०१०च्या पहिल्या आठवड्यात डिझायर पेट्रोलियम या छोट्या ब्रिटिश कंपनीने लंडनच्या शेअर बाजाराला कळवलं, की फॉकलंड बेटांच्या उत्तरेला ‘रेचेल नॉर्थ’ या विहिरीत तेल लागलं आहे. शेअर वधारला. आठवडाही उलटला नाही तोच, सोमवारी ६ तारखेला, कंपनीचं दुसरं निवेदन आलं: विहिरीतले नमुने तपासले, ते मुख्यतः पाणी आहे. भाव एका सकाळीत जवळपास निम्म्यावर आला.

त्याच समुद्रात, त्याच वर्षीच्या मे महिन्यात, अगदी उलट घडलं होतं. रॉकहॉपर एक्स्प्लोरेशन या तशाच छोट्या कंपनीच्या ‘सी लायन’ विहिरीत खरोखर तेल लागलं आणि शेअर एका दिवसात दुपटीहून वर गेला. दोन्ही कंपन्यांकडे तेलाचं उत्पन्न असं काहीच नव्हतं. सरकारी परवाना, भूकंपलहरींनी काढलेले समुद्रतळाचे नकाशे, मोजके भूशास्त्रज्ञ आणि भागधारकांनी दिलेले पैसे, एवढ्यावर त्यांचा संसार. ‘ओशन गार्डियन’ हा विहीर खोदणारा रिगसुद्धा भाड्याचा. स्कॉटलंडहून महिनोन्‌महिने ओढत तो अटलांटिकच्या दक्षिण टोकाला आणला होता आणि या कंपन्या तो पाळीपाळीने वापरत होत्या.

अशा कंपनीत पैसे घालणारा माणूस नेमकं काय करत असतो? उद्योगाला भांडवल देतो, की फासे टाकतो? बाजारातले लोक या प्रश्नाला शक्यतांच्या भाषेत उत्तर देतात. नव्या प्रदेशात पाच विहिरींपैकी एक लागली तरी चांगलं, असा त्यांचा हिशेब. पण शक्यता कमी आहे म्हणून एखादी गोष्ट जुगार ठरत नाही आणि जास्त आहे म्हणून जुगाराचा व्यापार होत नाही. प्रश्न धर्माचा आहे, आणि समुद्र, धोका व पैसा यांचा एकत्र विचार धर्मशास्त्रांनी फार पूर्वीपासून केलेला आहे.

कौटिल्याने महिन्याला शेकडा सव्वा पण हे न्याय्य व्याज ठरवलं. व्यापारात पाच, रानवाटेने जाणाऱ्यांना दहा आणि समुद्रावर जाणाऱ्यांना वीस. याज्ञवल्क्यस्मृतीतही अरण्याला दहा आणि समुद्राला वीस हेच प्रमाण आहे. वर्षाचा हिशेब मांडला तर समुद्राचं हे व्याज मुद्दलाच्या दुपटीपलीकडे जातं. तरीही शास्त्रकारांनी त्याला पाप म्हटलं नाही. जहाज बुडालं तर मुद्दलही परत येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. धोका पत्करणाऱ्याने त्याचं मोल घ्यावं, हे त्यांनी मान्य केलं. द्यूताकडे मात्र त्यांनी वेगळ्या नजरेने पाहिलं. मनूने राजाला ते राज्यातून हद्दपार करायला सांगितलं. कौटिल्याने ते अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली, नेमून दिलेल्या जागी चालू दिलं आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच सरकारजमा करायला लावले. समुद्रावरचा धोका आणि पटावरचा धोका एकाच मापाने मोजावा, असं दोघांपैकी कोणालाही वाटलं नाही.

इस्लामी धर्मशास्त्रातलं उदाहरण तर या विषयासाठीच घडवल्यासारखं आहे. पाण्यातला मासा हाती येण्याआधी विकू नये, आणि पाणबुड्याच्या पुढच्या बुडीत जे काही सापडेल ते आधीच ठरलेल्या किमतीला विकू नये, असा तिथे दंडक आहे. घेणाऱ्याला आपण काय घेतोय हे ठाऊक नाही, देणाऱ्यालाही नाही. असा सौदा एकाला लुबाडल्याशिवाय पुरा होत नाही. मात्र भागीदारीला पूर्ण मुभा आहे. नफा ठरलेल्या प्रमाणात वाटायचा, तोटा ज्याच्या त्याच्या भांडवलाप्रमाणे सोसायचा. म्हणजे बुडी विकत घेता येत नाही, पण पाणबुड्याबरोबर होडीचा खर्च उचलता येतो. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसही याच वाटेने गेला. व्याजाचा तो कट्टर विरोधक. पण व्यापाऱ्याबरोबर भागीदारीत पैसे घालणारा स्वतः धोका सोसतो, त्याची मालकी सुटत नाही, म्हणून नफ्यातला वाटा त्याला घेता येतो, असं त्याने सांगितलं.

या कसोटीवर तेलशोधाचा शेअर धरला की एक गोष्ट लगेच लक्षात येते. हा एकच शेअर दोन अगदी वेगळ्या कृतींसाठी वापरला जातो. कंपनी नवे शेअर काढते तेव्हा ते घेणाऱ्याचा पैसा रिगच्या भाड्यात, पोलादी नळ्यांत, भूशास्त्रज्ञांच्या पगारात जातो. हा होडीचा खर्च झाला. पण रिग कामाला लागल्यावर, निकालाच्या दोन दिवस आधी, कुठल्यातरी टिपवर बाजारातून शेअर उचलणाऱ्याचा पैसा विहिरीत जातच नाही. तो आधीच्या भागधारकाच्या खिशात जातो. त्याच्यामुळे विहीर एक फूटही खोल होत नाही. त्याने बुडी विकत घेतलेली असते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. पुढे विकायला बाजारच नसेल तर सुरुवातीला पैसे घालणार कोण? खरं आहे, आणि म्हणून बाजारातली प्रत्येक खरेदी सट्टा ठरवणं चुकीचं होईल. विहिरींचे अहवाल वाचून, कोरड्या विहिरीचा तोटा गृहीत धरून, वर्षानुवर्षं कंपनीबरोबर राहणारा माणूस शेअर कोणाकडूनही घेवो, तो भागीदारच असतो.

शिवाय तेलशोधात एक गुण आहे, जो फाशात नाही. १९९८मध्ये फॉकलंडच्या उत्तरेला सहा विहिरी खोदल्या गेल्या. शेलसारखी बलाढ्य कंपनी तिथे होती. तेलाचे अंश दिसले, पण फायद्यात काढता येईल असं काही नव्हतं. त्यात तेलाचे भाव पडलेले. कंपन्या निघून गेल्या. त्या विहिरींची माहिती मात्र मागे राहिली. रॉकहॉपरने तिचा नव्या सर्वेक्षणाशी मेळ घातला आणि शेलने सोडून दिलेल्या भागातच १२ वर्षांनी तेल शोधलं. विहीर खोदताना खाली सोडलेला चिखल खडकाचा चुरा घेऊन वर येतो. रिगवरचे लोक तो धुऊन, वाळवून, सूक्ष्मदर्शकाखाली धरून मीटरगणिक नोंद ठेवतात. कोरडी विहीरसुद्धा अशी पानंच्या पानं लिहून जाते. पडलेला फासा पुढच्या डावाबद्दल काहीच सांगत नाही. धोक्यातून ज्ञान साठत असेल, तर त्या धोक्याला जुगार म्हणणं अन्यायाचं आहे.

इथवरचा हिशेब गुंतवणूकदाराच्या बाजूने जातो. पण खरा पेच पुढे आहे, आणि तो पहिल्यांदा मांडला द्रौपदीने.

सभापर्वात युधिष्ठिर संपत्ती हरतो, भाऊ हरतो, स्वतःला हरतो आणि मग द्रौपदीला पणाला लावतो. द्रौपदी डाव खरा की खोटा हे विचारत बसत नाही. ती विचारते, की राजा आधी स्वतःला हरला की मला? जो स्वतःचाच राहिला नाही, त्याला दुसऱ्याला पणाला लावायचा अधिकार कुठला? भीष्म धर्माची गती सूक्ष्म आहे म्हणून थांबतात. कौरवांतला विकर्ण तेवढा उठतो आणि आणखी एक मुद्दा मांडतो: द्रौपदी पाचही पांडवांची पत्नी आहे, एकट्या युधिष्ठिराची नाही. जे सामाईक आहे ते एकट्याने पणाला कसं लावायचं?

समुद्र सामाईक असतो. भागधारकाचा तोटा मात्र कायद्याने मर्यादित असतो. शेअर शून्यावर आला की त्याचा हिशेब संपतो. समुद्राचा हिशेब तिथे संपत नाही. २१ ऑगस्ट २००९ला ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला, तिमोर समुद्रात, माँटारा विहीर फुटली आणि ७४ दिवस तेल वाहत राहिलं. पलीकडे इंडोनेशियाच्या रोटे बेटावर उथळ पाण्यात दोऱ्यांना समुद्रशेवाळ बांधून त्याची शेती करतात. वाळवलेलं शेवाळ विकायचं आणि त्यावर मुलांच्या शाळेचा खर्च चालवायचा. ते शेवाळ मेलं. तेल त्या किनाऱ्यापर्यंत पोचलं आणि त्यानेच पीक गेलं, हे ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने २०२१मध्ये मान्य केलं. १५ हजारांहून अधिक शेतकऱ्यांसाठी १९ कोटी २५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरची तडजोड २०२२च्या नोव्हेंबरात झाली. तेरा वर्षं गेली. विहीर चालवणारी कंपनी थायलंडच्या सरकारी तेल कंपनीची होती, म्हणून निदान पैसे उभे राहिले. त्या जागी दोन-चार विहिरींपुरतं भांडवल असलेली कंपनी असती तर?

छोटी कंपनी कोलमडते तेव्हा काय होतं, तेही ऑस्ट्रेलियानेच पाहिलं आहे. ‘नॉर्दर्न एन्डेव्हर’ हे समुद्रात नांगरलेलं जुनं तेलजहाज एका मोठ्या कंपनीकडून नॉर्दर्न ऑइल अँड गॅस ऑस्ट्रेलिया या छोट्या कंपनीकडे गेलं. २०१९मध्ये ही कंपनी डबघाईला आली, पुढच्या वर्षी दिवाळ्यात निघाली आणि जहाज व जुन्या विहिरी सरकारच्या गळ्यात पडल्या. शेवटी साफसफाईच्या खर्चासाठी समुद्रातून तेल-वायू काढणाऱ्या सगळ्याच कंपन्यांवर बॅरलमागे ४८ सेंटचा कर बसवावा लागला. डाव एकाने मांडला आणि भरपाई शेजाऱ्यांनी केली.

कधी किनाऱ्यावरची माणसं आधीच ‘नाही’ म्हणतात. इटलीच्या आब्रुत्सो किनाऱ्यावर ‘ओम्ब्रिना मारे’ या तेलक्षेत्राला हजारो लोकांनी विरोध केला आणि २०१५च्या अखेरीस सरकारने किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांत नव्या तेलकामांना बंदी घातली. तिथला हक्क तोवर रॉकहॉपरकडे आला होता. कंपनी आंतरराष्ट्रीय लवादात गेली आणि २०२२मध्ये लवादाने इटलीला १९ कोटी युरो व व्याज द्यायला सांगितलं. तो निवाडा २०२५मध्ये रद्द झाला. करार पाळला जावा ही भागधारकांची अपेक्षा गैर नव्हती. पण विकर्णाचा मुद्दा घेऊन उभं राहिलं, तर किनाऱ्यावरच्या लोकांचं पारडं जड आहे.

महाराष्ट्राला हे नवं नाही. फेब्रुवारी १९७४मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर बॉम्बे हायचं तेल शोधलं तेव्हा धोका सरकारी पैशाचा, म्हणजे सगळ्यांचा होता आणि मिळकतही सगळ्यांची झाली. तरीही तिथल्या २७ जुलै २००५च्या आगीत २२ जीव गेले, आणि सर्वेक्षणाच्या काळात जाळी बंद ठेवावी लागतात म्हणून पालघर-डहाणूकडचे मच्छीमार भरपाई मागत आले आहेत. सार्वजनिक कंपनीतही ज्यांनी डाव मांडला नाही त्यांचं असं जातं, तर खाजगी, तुटपुंज्या भांडवलाच्या कंपनीत हा प्रश्न आणखी कडक व्हायला हवा.

आणि इथे जिंकण्यालाही किंमत आहे. २०५०पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठायचं तर नव्या तेलक्षेत्रांची गरज नाही, असं आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२१च्या आपल्या आराखड्यात म्हटलं. तेल लागलं नाही तर भागधारकाचं नुकसान होतं. लागलं तर त्याचा धूर पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला येतो.

म्हणून या लेखाचा निवाडा असा: स्वतःचे, बुडाले तरी घर चालेल इतकेच पैसे, कंपनीचं काम समजून घेऊन आणि तोट्यासकट भागीदार होऊन घालणं हा जुगार नाही. ज्या कंपनीची अपघाताची आणि विहीर बंद करण्याची जबाबदारी पेलायची ऐपत नाही, तिच्यात तेच पैसे घालणं मात्र जुगाराहून वाईट आहे, कारण जुगारी निदान आपलं तरी हरतो. भारतीय नियम परदेशी लॉटरीसाठी डॉलर पाठवू देत नाहीत. परदेशी बाजारात नोंदलेला शेअर मात्र वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत घेऊ देतात. तेव्हा कायदा इथे आपल्यासाठी निवड करत नाही. वार्षिक अहवाल उघडा आणि भूगर्भातल्या साठ्यांच्या अंदाजाआधी विम्याची रक्कम, विहीर बंद करण्यासाठी बाजूला काढलेला निधी आणि किनाऱ्यावरच्या लोकांशी झालेले करार शोधा. ते सापडले नाहीत तर पैसे घालू नका.