उसना उपदेश

दुसऱ्याचं भाषण आपण करावं की नाही, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात, एका ल्युथरन पाद्रीबुवांच्या अभ्यासिकेत. वास्तविक तो मला आमच्या बँकेतच पडायला हवा होता. पण बँकेत प्रश्न पडत नाहीत, कॅशमध्ये फरक पडतात आणि ते सापडेपर्यंत घरी जाता येत नाही.

बहिणीनं तिकीट पाठवलं म्हणून मी गेलो. नॉर्वे, स्वीडन आणि जर्मनीहून आलेली माणसं पूर्वी त्या भागात वस्तीला आली, त्यामुळे सदाशिव पेठेत जोशी असावेत तसे तिथे ल्युथरन आहेत. बहिणीच्या शेजारीच त्यांचे पाद्री राहत. शनिवारी रात्री त्यांचा दिवा बारा-बारा वाजेपर्यंत जळताना पाहून मला वाटलं, सहामाही क्लोजिंग चाललंय.

"दादा, उद्या रविवार ना," बहीण म्हणाली, "प्रवचन तयार करतायत."

सोमवारी बुवांनी कॉफीला बोलावलं. अभ्यासिकेत जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकं! हिब्रू आणि ग्रीक बायबलं, शब्दकोश, टीकाग्रंथ आणि एकट्या ल्युथरचे इंग्रजीतले पन्नासावर खंड. बुवांनी सगळी पद्धत समजावून दिली. कोणत्या रविवारी बायबलातले कोणते उतारे वाचायचे, हे आधीच ठरलेलं असतं. हे कोष्टक तीन वर्षांत एक फेरी पुरी करतं. सोमवारी उतारा वाचायचा, मग मूळ भाषेतले शब्द पाहायचे, मग टीकाकारांचं म्हणणं ऐकून घ्यायचं.

"म्हणजे तीन वर्षांनी तोच उतारा परत येणार?" मी विचारलं. माझ्यातला कारकून जागा झाला होता. "मग जुनंच प्रवचन फाइलमधून काढलं तर?"

"मोह होतो," बुवा म्हणाले.

"आणि दुसऱ्याचं छापील प्रवचन मिळालं तर?"

मला वाटलं, आता बुवा रागावणार. पण त्यांनी शांतपणे ल्युथरचा एक खंड काढला. 1521 साली वर्म्सच्या सभेनंतर ल्युथरवर संकट आलं आणि वार्टबुर्गच्या किल्ल्यात दाढी वाढवून, योर्ग नावाचा सरदार बनून त्याला लपून राहावं लागलं. लपलेला माणूस साधारणपणे झोपा काढतो. ह्या गृहस्थानं नव्या कराराचं जर्मन भाषांतर केलं आणि वर 'पोस्टिल' लिहायला घेतलं. पोस्टिल म्हणजे वर्षभराच्या उताऱ्यांवरची तयार प्रवचनं. ज्या पाद्र्यांना स्वतः प्रवचन रचता येत नाही, त्यांनी ती सरळ वाचून दाखवावीत, असं त्यानं 1526 साली स्पष्टच लिहिलं. स्वतःचं चुकीचं सांगण्यापेक्षा दुसऱ्याचं बरोबर वाचलेलं बरं! दोन वर्षांनी तो स्वतः गावोगावच्या तपासणीला निघाला, तेव्हा अनेक पाद्र्यांना शिकवण्यापुरतंही येत नाही, हे पाहून हबकला. त्यातूनच 1529 मध्ये त्याच्या दोन प्रश्नोत्तरावल्या निघाल्या. (आमच्याकडे इन्स्पेक्शननंतर फक्त मेमो निघतात.)

पण पुढे ह्याच ल्युथरनं तक्रार केली, की काही आळशी पाद्री नुसत्या पुस्तकांवर विसंबतात. ना प्रार्थना, ना वाचन. सोय करून दिली की तिची सवय होते, हे त्यालाही चुकलं नाही.

"मग ही चोरी की नाही?" मी हट्टच धरला.

बुवांनी मला आणखी हजार-अकराशे वर्षं मागे नेलं. संत ऑगस्टीननं उपदेशकांसाठी लिहिलेला ग्रंथ 426 च्या सुमारास पुरा केला. त्याचं म्हणणं असं, की ज्याला बोलता येतं पण रचता येत नाही, त्यानं दुसऱ्याचं चांगलं भाषण पाठ करून बोलावं. त्यात पाप नाही. चोर कोण? तर जो चांगलं बोलतो आणि तसं वागत नाही, तो. त्याच्या तोंडी ते शब्द परकेच.

"आणि आमच्यात आणखी एक अडचण आहे," बुवा म्हणाले. "नियमशास्त्र आणि शुभवर्तमान. एक माणसाला त्याची चूक दाखवतं, दुसरं त्याला धीर देतं. वॉल्थर नावाच्या गुरुजींनी सेंट लुईसमध्ये 1884 आणि 85 साली शुक्रवारच्या संध्याकाळी विद्यार्थ्यांना हेच शिकवलं, की गर्वानं फुगलेल्याला एक मात्रा आणि खचलेल्याला दुसरी. उलटी दिली तर घात. आता बाकावर खचलेलं कोण बसलंय, हे पुस्तकाला कुठून कळणार? त्यासाठी मी गुरुवारी इस्पितळात आणि घरोघरी जातो. शनिवारी रात्री लिहीत नाही, खोडत बसतो."

मी गप्प झालो. कारण माझ्याकडेही एक पोस्टिल आहे.

आमच्या शाखेतले सेंडऑफचे भाषण पिढीजात माझ्याकडे आहे. माझ्या आधीच्या वक्त्यानं निवृत्त होताना किल्ल्यांबरोबर मला एक वही दिली. तिच्यात भाषण आहे. नावाची जागा रिकामी. 'सदा हसतमुख' आहे, 'कामात वाघ' आहे, शेवटी 'ही पोकळी कधीही भरून निघणार नाही' आहे. मॅनेजरपासून दफ्तरीपर्यंत सगळे ह्याच पोकळीतून गेले.

मग आमचे शिपाईमामा निवृत्त झाले. त्या दिवशी उशीर झाला होता, चहा निवत होता. मी चार वाक्यं गाळून भाषण उरकलं. हार, नारळ, टाळ्या. सगळे पांगल्यावर मामा हळूच जवळ आले.

"साहेब, ते 'सदा हसतमुख' आमच्या वेळी गाळलं काय?"

दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभ्या उभ्या त्यांनी ते भाषण इतक्या वेळा ऐकलं होतं, की त्यांना ते पाठ होतं. ते नवीन काही मागत नव्हते. जुनंच, पण त्यांच्या नावानं, पुरं हवं होतं.

हे मी बुवांना सांगितलं. बुवांनी एवढंच विचारलं, "होते का ते हसतमुख?"

मला चटकन उत्तर देता येईना. इतकी वर्षं त्यांच्या हातचा चहा घेतला, तो लेजरमधून मान वर न करता. मग आठवलं, की स्वतःच्या सेंडऑफला हार गळ्यात असतानाच मामा सवयीनं उठले आणि सगळ्यांना चहा देत फिरले. पण चेहरा? चेहरा मी पाहिलाच नव्हता. ऑगस्टीनच्या हिशेबानं मी नापास.

परत आल्यावर पहिल्या रविवारी वही घेऊन मामांच्या घरी गेलो. काय सांगणार? म्हटलं, "मामा, भाषण अर्धं राहिलंय." त्यांनी मामींना आतून बोलावलं. मी उभं राहून पहिल्या शब्दापासून वाचायला लागलो. 'कामात वाघ'पाशी मी अडखळलो, तर मामांनी पुढचं वाक्य सांगितलं. 'सदा हसतमुख' आलं तेव्हा मी वहीतून मान वर केली आणि पाहिलं.

ताळा जुळला.