उसवण

"पनवेलात राहून स्वेटर विणणं म्हणजे महाबळेश्वरात पंख्यांचं दुकान टाकणं," असं माझे सासरे म्हणायचे. त्यात तथ्य आहेच. आमच्याकडे थंडी जानेवारीत येते, आठ-दहा दिवस राहते, तीही पहाटेपुरती. सकाळी नऊला वडाळे तलावाला फेरी मारून आलेला माणूस घाम पुसतच दारात चपला काढतो. तरी माईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, चाळीस वर्षं विणलं. लाइन आळीतल्या जुन्या घराच्या ओटीवर दुपारची भांडी आवरली की बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडायचा, दहा नंबरच्या सुया बाहेर निघायच्या आणि चारच्या चहापर्यंत त्यांची टकटक चालायची. पनवेलला नसेल लागत स्वेटर. पण माईंची एक नणंद दिल्लीला, भाचा शिकागोला, आणि बारसं तर काय, कुठेही असतं. कुंची, स्वेटर आणि मोजे हा माईंचा सेट ठरलेला. माझ्या बघण्यात असे पन्नास-साठ तरी सेट त्या घरातून बाहेर गेले असतील.

त्यातला एक दोन वर्षांपूर्वी परत भेटला.

टपाल नाक्याजवळच्या एका हॉलमध्ये बारसं होतं. घरचे लोक आमच्या ओळखीचे, पण जेमतेम. पाळणा म्हणून झाला होता, आहेर चालले होते, आणि कुणा बाईंनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून पिवळा सेट काढला. "अय्या, हाताने विणलाय!" असं म्हणत म्हणत तो बायकांच्या हातांतून फिरत फिरत माईंपर्यंत आला. माईंनी मोजा उलटा केला. घोट्याच्या बॉर्डरवरून अंगठा फिरवला, दोन सुलट, दोन उलट, दोन सुलट, दोन उलट, आणि एका जागी अंगठा थांबला. तिथे सुलटच्या जागी एक टाका उलट पडला होता.

"कोणी विणलाय हो?" माईंनी विचारलं.

"अहो, आमच्या मुलाच्या वेळी कुणीतरी दिलेला. एकदाही घातला नाही, कोरा आहे अगदी."

माई म्हणाल्या, "छान आहे," आणि सेट पुढे सरकवला. रिक्षात बसल्यावर टाऊन हॉल मागे पडेपर्यंत काही बोलल्या नाहीत. मग एवढंच, "तो टाका मला तेव्हाच दिसला होता. म्हटलं, एवढ्याशा पायात कोण बघतंय."

विणकाम सोडल्याचं त्यांनी कधी जाहीर केलं नाही. आधी डोळ्यांचा नंबर वाढला, मग उकाडा होता, मग गणपती आले, मग गुडघा. डबा ओटीवरून कपाटावर गेला आणि दिवाळीच्या साफसफाईत कपाटावरून माळ्यावर. दुपारी आता टीव्ही लागायला लागला. तो बघायच्या नाहीत, नुसता लागलेला असायचा.

आम्ही प्रयत्नांची शर्थ केली. नणंदेने पुण्याहून बांबूच्या सुया आणि सहा रंगांची लोकर पाठवली. माईंनी लोकर गालाला लावून पाहिली, "छान आहे" म्हणाल्या आणि पार्सल जसंच्या तसं बांधून ठेवलं. नणंद हार मानणारी नाही. चेन्नईच्या क्रोशा विणणाऱ्या बायकांनी 31 जानेवारी 2016 ला छोट्या छोट्या चादरी जोडून 11,148 चौरस मीटरची एकच चादर केली, गिनेस बुकात नाव लागलं, असं तिने फोनवर मोठ्या उत्साहाने सांगितलं. माईंनी शांतपणे विचारलं, "घडी कोण घालणार तिची?"

मी पुण्यकर्माच्या बाजूने गेले. खारघरला टाटा स्मारकचं ॲक्ट्रेक आहे, गर्दी नसेल तर आमच्याकडून अर्ध्या तासावर. केमोने केस गेले की डोकं हळवं होतं, लोकर टोचते, मऊ सुती टोपी बरी पडते, हे मी माझ्या मैत्रिणीच्या आजारपणात जवळून बघितलं होतं. ते सगळं मी माईंना सांगितलं, जरा डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. त्यांना पटलं. "फार चांगलं काम आहे गं," त्या म्हणाल्या. "पण हातच जात नाही." मला तेव्हा रागच आला. माणसाला एवढं चांगलं कारण मिळाल्यावर हात का जाऊ नये? माझ्या स्वतःच्या कपाटात क्रोशाचा अर्धवट टेबलक्लॉथ नऊ वर्षं पडून आहे, हे मी त्या वेळी सोयीस्करपणे विसरले होते.

मग गेल्या वर्षीचा ऑगस्ट. तीन दिवस धो धो पाऊस, शाळेला सुट्टी आणि चिरंजीव घरात. चौथीतल्या पोरांना शाळेने पक्ष्यांच्या घरट्यांचा प्रकल्प दिला होता. शिरढोणच्या बाजूला यांच्या एका मित्राची शेती आहे, बांधावर शिंदीची झाडं आहेत. तिथे वाऱ्याने पडलेलं सुगरणीचं एक घरटं त्याने आठवणीने पाठवलं होतं. अर्धंच होतं. वर फांदीला बांधलेला पीळ, खाली शिरस्त्राणासारखा उपडा घुमट, आणि पुढची नळी झालेलीच नाही. गवत अजून पुरतं वाळलंही नव्हतं. मी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. एक पट्टी दुसरीच्या खालून जाते, तिसरीला वळसा घालते, परत स्वतःच्या फासातून बाहेर येते. चोचीने मारलेली गाठ म्हणून कुठे ढिली नाही.

चिरंजीवांना तसंच घरटं स्वतः विणायचं होतं. गवत ओलं, सुतळी जाड. "आजी, तुझी लोकर दे ना. नवी नको, जुनी."

माळ्यावरचा डबा खाली आला. वर सगळ्यात आधी बाटलीच्या हिरव्या रंगाचा अर्धा स्वेटर निघाला, डांबरगोळ्यांच्या वासासकट. आमचे हे इंजिनिअरिंगला असताना सुरू केलेला. पाठ पूर्ण, पुढचा भाग मुंड्यापर्यंत, टाके अजून सुईवरच. ज्याच्यासाठी घातला तो माणूस आता त्यात एका खांद्यानेही मावला नसता. "हा घे," माई म्हणाल्या, "उसव खुशाल," आणि टीव्हीकडे वळल्या.

पोराने पुढचा भाग उचलला, बॉर्डरचं टोक शोधलं आणि ओढलं. काही होईना. जोर लावला. धागा आवळला, कापड चुरगळलं, उसवेना. दातांनी ओढायची तयारी सुरू झाली तेव्हा खुर्चीतून आवाज आला.

"अरे गाढवा, खालून नाही उसवत. सुरुवातीकडून ओढून काय होतंय? वरून. जिथे थांबलंय तिथून."

"कुठे थांबलंय?"

"इकडे आण."

त्यांनी सुई हळूच ओढून काढली. इतकी वर्षं तिच्यावर ताटकळलेले टाके एका रांगेत उघडे पडले, छोटे छोटे हिरवे फास. माईंनी सुटं टोक पोराच्या हातात दिलं. "आता पळ."

तो ओटीवरून माजघरापर्यंत पळाला आणि ओळीमागून ओळ तर्र तर्र तर्र करत सुटत गेली. तो आवाज ऐकला नसेल तर सांगून कळायचा नाही. पोर आनंदाने किंचाळत होतं. माई मात्र बघत होत्या ते जमिनीवर साठणाऱ्या गुंत्याकडे. तिसऱ्या फेरीला त्यांना राहवेना. "थांब, थांब. असा ढीग केलास तर उद्या सोडवायला तुझा बाप येणार आहे का?" चष्मा लावला, टीव्ही बंद केला, आणि बसल्या लोकर गुंडाळायला. दोन ठिकाणी कसर लागून धागा तुटलेला होता, तिथे टोकं उसवून, एकमेकांत पिळून, थुंकी लावून जोडली. एरवी कुणी असं केलं असतं तर त्याच बोलल्या असत्या.

उसवलेली लोकर कुरळी असते. प्रत्येक टाक्याची वळणं तिच्या अंगात राहतात. "आजी, नूडल्स!" "हो, आता या नूडल्सना सरळ करायचं." त्यासाठी लडी करावी लागते. चिरंजीवांना दोन्ही हात पुढे करून बसवलं आणि माई त्या हातांभोवती धागा फिरवायला लागल्या. हात अडकलेलं पोर गप्प बसत नाही, म्हणून मी त्याची प्रकल्पाची वही वाचायला घेतली.

"सुगरण पक्ष्यात घरटं नर विणतो."

धागा थांबला. "विणतो तो, आणि सुगरण म्हणायचं तिला?" माई म्हणाल्या. "बहिणाबाईंना हे कुणी सांगितलं नाही वाटतं."

"20 ते 60 सेंटिमीटरच्या पट्ट्या तो चोचीने फाडून आणतो. एका घरट्यासाठी पाचशेपर्यंत खेपा. एवढा घुमट व्हायला आठ दिवस, सगळं घरटं व्हायला अठरा. घुमट झाला की मादी येऊन तपासते."

"आणि नापास केलं तर?"

"सोडून देतो," चिरंजीवांना हे पाठ होतं, "आणि दुसरं विणायला घेतो. हे आपल्याकडचं नापासवालं आहे."

हे सगळं कुणी पाहिलं, असं माईंनी विचारलं. मी सांगितलं, सालिम अलींनी, आणि तेही आपल्याच जिल्ह्यात, किहीमला. 1930 साली ते जर्मनीतून शिकून परत आले तर म्युझियममधली त्यांची जागाच पैशांअभावी रद्द झालेली. दुसरी नोकरी मिळेना. मग नवराबायको किहीमला जाऊन राहिले, आणि तिथे हे गृहस्थ सुगरणींची घरटी बघत बसले. त्यातूनच कळलं की एक घरटं मादीने पसंत केलं, संसार लागला की नर लगेच पुढचं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी.

"नोकरी गेलेला नवरा झाडाकडे बघत बसलाय," माई म्हणाल्या. "तिचं कौतुक करायला हवं." मग थोड्या वेळाने, लडीला चार जागी सैल गाठी मारता मारता, "आणि जुन्या घरट्यांचं काय होतं रे?"

"पडतात. नाहीतर सुगरणी गेल्या की मुनिया येऊन राहतात. कधी उंदीर पण."

"त्याला विचारून?"

"आजी! पक्षी विचारतात का?"

"म्हणजे कुणीतरी राहतं," माई म्हणाल्या. आणखी काही बोलल्या नाहीत. पोराच्या हातातून लडी सोडवली आणि मोरीत गेल्या.

रिठ्याच्या कोमट पाण्यात लडी बुडवली. पिळायची नसते, पंचात दाबून पाणी काढायचं. मग ती दांडीला अडकवून खालच्या टोकाला पितळेचा तांब्या बांधला, वजनाने वळणं निघावीत म्हणून. ऑगस्टमध्ये पनवेलला रुमाल वाळत नाही तिथे लोकर काय वाळणार? तीन दिवस तो तांब्या मधल्या खोलीत लोंबत होता आणि येताजाता प्रत्येकाच्या कपाळाला लागत होता. कुणी काढला नाही.

चौथ्या दिवशी मी ऑफिसातून लवकर आले तर ओटीवरून टकटक ऐकू आली. मी दारातच थांबले. नंतर सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय विणताय?"

"काही नाही. लोकर सरळ झालीय का ते बघतेय."

संध्याकाळी त्यांनी ती वीतभर पट्टी उसवून टाकली. दुसऱ्या दिवशी परत विणली, जाळीच्या नक्षीची, तीही उसवली. आठवडाभर हाच उद्योग. कशाचाही भाग नसलेल्या पट्ट्या. नणंदेला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, मग वाया नाही का जात?" मला उत्तर देता आलं नाही, पण मी माईंना काही विचारायचं बंद केलं. बांबूच्या सुयांचा विषय काढला नाही, टोप्यांचा तर नाहीच. चिरंजीवांचं हिरवं घरटं आजी-नातवाने मिळून केलं. ते घरट्यापेक्षा मोज्यासारखं दिसत होतं, तरी शाळेत गेलं.

दिवाळीनंतर एक दिवस त्यांच्या मांडीवर फिकट जांभळा सुती धागा दिसला.

"हा कुणी आणला?"

"मी. बाजारात जाऊन. चालत."

गुडघ्याचं मी काही काढलं नाही. शेजारी बसले. सुयांवर टोपीची बॉर्डर होती, दोन सुलट, दोन उलट, दहाएक ओळी झालेल्या. चष्म्याशिवाय मलाही दिसलं, चार ओळी खाली एक टाका उलट पडला होता.

"राहू द्या," मी म्हणाले. "कोण बघतंय?"

माईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. सुई ओढून काढली आणि चार ओळी उसवल्या.

टाके परत सुईवर चढेपर्यंत मी थांबले. मग धीर करून म्हटलं, "खारघरला फोन करून विचारू का, अशा टोप्या घेतात का ते?"

"विचार."

"आणि नको म्हणाले तर?"

"अठ्ठ्याऐंशी, नव्वद, ब्याण्णव," माई म्हणाल्या. "जरा गप्प बस. मोजतेय."