हुद्द्याची उतरंड आणि आपण



आपल्या मालवण किनाऱ्यावर वीज गेली की दोन माणसांची वाट पाहिली जाते. एक गाडीतून येतो, हातात कागद असतात. दुसरा खांद्यावर दोर आणि शिडी घेऊन येतो. पहिला आला की आपण म्हणतो, "सायेब इले." दुसरा आला की म्हणतो, "लायटीवालो इलो." 'इले' आणि 'इलो' यांत फरक एका कान्याचा. पण त्या एका कान्यात आपल्या समाजाचा सारा उच्चनीच भाव भरलेला आहे. हा भाव आपल्या, म्हणजे धम्म स्वीकारलेल्या माणसांच्या, घरांतही शिरला आहे. म्हणून आज हा विषय आपल्यापुढे मांडतो.

प्रथम माझा दोष सांगतो. माझा धाकटा भाऊ आय.टी.आय.मध्ये वीजतंत्री होऊन खांबावर काम करतो. त्याच्या लग्नाची बोलणी चालली असताना मुलीच्या वडिलांनी विचारले, "मुलगा काय करतो?" मी उत्तर दिले, "वीज खात्यात इंजिनिअर आहे." भाऊ शेजारीच बसला होता. तो शांतपणे म्हणाला, "नाही, मी खांबावर चढतो. इंजिनिअर माझे साहेब." मी घरातला पहिला पदवीधर, वर्गात मुलांना समतेचा पाठ शिकवणारा शिक्षक. आणि सख्ख्या भावाच्या कामाची लाज वाटून खोटे बोललो! ही लाज माझ्या मनात कोठून आली, याचा मी तेव्हापासून विचार करीत आहे.

अभियंता आणि तंत्रज्ञ यांच्या कामात भेद आहे, हे मान्य केले पाहिजे. कोणत्या गावाला किती वीज लागेल, तार किती जाडीची हवी, रोहित्र कोठे बसवावे, हा हिशेब अभियंत्याचा. हिशेब चुकला तर जबाबदारी त्याची. तार ओढणे, जोड घट्ट बसवणे, गंजलेला भाग नुसत्या नजरेने ओळखणे, हे ज्ञान तंत्रज्ञाचे. हे ज्ञान पुस्तकातून सगळे मिळत नाही, ते हातात मुरावे लागते. खांबावर चढण्यापूर्वी उपकेंद्रातून लाइन बंद झाल्याचे परमिट घ्यावे लागते, तार मेली आहे ना हे तपासून अर्थिंग करावे लागते. परमिट देणाऱ्याने चूक केली तर वर चढलेल्याचा जीव जातो. एकाची सही आणि दुसऱ्याचे प्राण असे एकमेकांत गुंतलेले असताना एक श्रेष्ठ आणि दुसरा कनिष्ठ कसा?

आता पदनामांकडे पाहा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात पदविकाधारकाला 'तंत्रज्ञ' शिकाऊ उमेदवार म्हणतात. तोच पदविकाधारक महावितरणमध्ये भरती झाला की 'कनिष्ठ अभियंता' होतो. आणि तेथे ज्यांना पूर्वी लाइनमन म्हणत, त्यांचे पदनाम आता 'तंत्रज्ञ' आहे. म्हणजे एकाच शब्दाचे दोन ठिकाणी दोन अर्थ झाले. आणखी एक गंमत अशी की, वकिलाने नाव नोंदवल्याशिवाय वकिली करू नये असा देशात कायदा आहे, पण स्वतःला इंजिनिअर म्हणवण्यावर तसे बंधन घालणारा कायदा नाही. उलट वायरमनला मात्र सरकारी परवाना लागतो! ज्या पाटीसाठी आपण जीव टाकतो, ती व्यवहाराच्या सोयीची खूण आहे. तिच्यात माणसाचे मोल शोधणे व्यर्थ आहे.

मग ही उतरंड आली कोठून? पुण्याचे प्रसिद्ध अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ साली सुरू झाले, ते सार्वजनिक बांधकामासाठी हाताखालचे अधिकारी तयार करण्याकरिता. वरचा साहेब विलायतेचा, हाताखालचा येथला. इंग्रज गेला, पण वरचा-खालचा ही रीत राहिली. आणि ती येथे सहज रुजली, कारण येथली जमीन आधीच तयार होती. ज्याच्या हाताला माती, चामडे, लोखंड लागते तो हलका, आणि जो हात न लावता सांगतो तो थोर, हे चातुर्वर्ण्याने हजारो वर्षे शिकवले होते. वर्ण चार होते, नोकरीतले वर्गही चार झाले. वर्ण जन्माने मिळे आणि वर्ग परीक्षेने मिळतो, हा फरक फार मोठा आहे. परंतु वर्गाकडे पाहण्याची दृष्टी वर्णाचीच राहिली, तर आपण काय बदलले?

भगवान बुद्धांपुढे हा प्रश्न आला होता. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात दोन ब्राह्मण तरुण माणूस जन्माने श्रेष्ठ की आचरणाने, असा वाद घेऊन येतात. भगवान त्यांना दाखवून देतात की, वनस्पतींत आणि प्राण्यांत जातींच्या खुणा आढळतात, माणसांत तशी खूण नाही. शेतकरी, कारागीर, व्यापारी ही नावे कामावरून पडतात. धम्मपदात तर पाण्याला वाट काढून देणारा, बाण सरळ करणारा आणि लाकूड घडवणारा सुतार यांना एका ओळीत बसवून, स्वतःला घडवणाऱ्या सुज्ञ माणसाची त्यांच्याशी तुलना केली आहे. पाण्याचा पाट नेणारा म्हणजे त्या काळचा अभियंताच. त्याला सुताराच्या वर बसवलेले नाही.

येथे कोणी म्हणेल, "गुरुजी, तुम्ही आमच्या मुलांना हातकामातच ठेवायला निघालात काय?" मुळीच नाही. ही शंका रास्त आहे. श्रमाची थोरवी गाऊन आपल्याला त्याच श्रमात डांबून ठेवण्याचा उद्योग या देशात पुष्कळ झाला. भंगीकाम पवित्र आहे असे सांगणाऱ्या गांधीजींच्या शिकवणुकीवर बाबासाहेबांनी कठोर टीका केली, ती याचसाठी. जे काम सोडण्याची मोकळीक नाही, त्याचे कौतुक म्हणजे फसवणूक. म्हणून कसोटी दोन प्रश्नांची आहे. वर जाण्याचा दरवाजा सर्वांना उघडा आहे काय? आणि जो ज्या पायरीवर उभा आहे, त्याला तेथे माणूस म्हणून मान, पुरता पगार आणि जिवाची सुरक्षितता आहे काय?

बाबासाहेबांनी दोन्ही गोष्टी एकदम मागितल्या होत्या. १९४२ साली व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांना विज्ञान व तंत्रशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या आणि त्याच निवेदनात सरकारी छापखाने व रेल्वे कारखाने यांत उमेदवारीच्या जागाही मागितल्या. त्यांना आपला इंजिनिअर हवा होता आणि आपला कुशल कारागीरही हवा होता.

तेव्हा आई-वडिलांनो, मुलाचा कल पाहा. आय.टी.आय. केलेल्याला पुढे पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आणि पदविकेनंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, हे त्याला सांगा. मुलगी असेल तर तिलाही सांगा. ज्याला गणिताची ओढ आहे त्याला इंजिनिअर जरूर करा, त्यासाठी पोटाला चिमटा घ्या. पण केवळ दारावरच्या पाटीसाठी, लग्नाच्या बाजारासाठी, मुलाच्या मनाविरुद्ध कर्ज काढू नका. आणि विहारात बसताना साहेबाला पुढची सतरंजी व वायरमनला दाराजवळची जागा, असे कदापि होऊ देऊ नका. संघात उपाली न्हाव्याला शाक्य राजपुत्रांच्या आधी दीक्षा मिळाली, राजपुत्रांना त्याला वंदन करावे लागले, हे विसरू नका.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यावरून गेले. माडांखाली तारा तुटल्या, खांब आडवे झाले, कित्येक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. माझा भाऊ त्या दिवसांत घरी आला तो नुसता भाकरी खाण्यापुरता. एका रात्री वाडीत दिवे लागले तेव्हा आमची आई अंगणात उभी राहून म्हणाली, "माझे झील इले." दोघांनाही, शिकवणाऱ्याला आणि खांबावर चढणाऱ्याला, तिने एकाच शब्दात घरात घेतले.

आपणही आपल्या घरापासून एवढी सुरुवात करू या. उद्या शिडी घेऊन कोणी दारात आला, तर मुलांच्या देखत त्याला 'या' म्हणा, पाणी द्या आणि त्याचे नाव विचारा.

जयभीम.