बटण कुणाच्या हाती?

बैठकीत कर्मचारी गप्प का बसतात, हे समजावताना मी व्यवस्थापनाच्या वर्गात नेहमी कुत्र्यांवरचा एक प्रयोग सांगतो. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी तो पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात केला आणि १९६७ मध्ये प्रसिद्ध केला. झोळीत जखडलेल्या कुत्र्यांना विजेचे झटके दिले. एका गटातल्या कुत्र्याने डोक्याशेजारची फळी दाबली की झटका थांबे. दुसऱ्या गटाला झटके तेवढेच, पण फळी कितीही दाबली तरी उपयोग शून्य. दुसऱ्या दिवशी त्यांना अशा पेटीत सोडलं, जिथे मधला अडसर ओलांडला की सुटका होती. पहिला गट उडी मारून पलीकडे गेला. दुसऱ्या गटातले आठांपैकी सहा जवळजवळ प्रत्येक वेळी झटका सोसत राहिले. अशा कुत्र्यांना पुढे पट्टा बांधून पुन्हापुन्हा पलीकडे ओढावं लागलं, तेव्हा कुठे ते आपणहून हलू लागले.

याला ‘शिकलेली असहायता’ असं नाव मिळालं. मानसशास्त्राने त्यातून नैराश्य समजून घ्यायचा प्रयत्न केला. आम्ही व्यवस्थापनवाल्यांनी ते नाव उचललं आणि कामगाराला चिकटवलं.

प्रयोगशाळेच्या नोंदीत झटका कुणी दिला, किती वेळ दिला, याचा हिशोब असतो. माझ्या स्लाइडवर मात्र फक्त पडून राहिलेला कुत्रा असतो, बटण दाबणारा हात नसतो. टार्गेट कुणी ठरवलं, आलेल्या सूचना कुणाच्या टेबलावर पडून राहिल्या, तोंड उघडणाऱ्याची बदली कुठे झाली, हे प्रश्न मी विचारत नाही. मी कर्मचाऱ्यांना मनोबल वाढवायला सांगतो. कार्यशाळेचं मानधन त्यांचे साहेब देतात. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, एवढं साधं तर हे नसेल?

मन लगेच वकिली करतं: जनावरांवरून माणसांबद्दल सरसकट बोलू नये, कंपनी म्हणजे प्रयोगशाळा नव्हे. मुद्दा रास्तच आहे. पण ही शास्त्रीय सावधगिरी माझ्यात जागी कधी होते? कामगाराच्या गप्प बसण्याचं कारण सांगताना कुत्रा आणि माणूस यांतलं अंतर मला आड येत नाही. बोट साहेबाकडे वळायला लागलं, की ते अंतर एकदम आठवतं.

त्यात २०१६ मध्ये खुद्द मायर आणि सेलिगमन यांनीच आपला सिद्धांत उलटा केला. पन्नास वर्षांच्या संशोधनानंतर ते म्हणाले, की दीर्घकाळ त्रास झाला की निपचित होणं हा मेंदूचा मूळ प्रतिसाद आहे. शिकावं लागतं ते हे, की आपल्या हातात काही आहे. म्हणजे कर्मचाऱ्याला दुबळेपणाचा दोष देण्याआधी विचारायला हवं, की त्याच्या सांगण्याने इथे कधी काही बदललं आहे का?

हा प्रश्न मी पुढच्या कार्यशाळेत साहेबांसमोर विचारीन? ठामपणे हो म्हणवत नाही. पुन्हा बोलावणं येणार नाही, ही भीती खरी आहे. मात्र तिला शास्त्रीय आक्षेपाचा अंगरखा चढवणं तरी मला थांबवता येईल.