दगड कुणाच्या दिशेने?

2025 मध्ये बीड जिल्हा पोलिसांनी नावपट्टीवरून आडनाव काढून टाकले; फक्त पहिले नाव ठेवले. सिरसाळा या गावाचे ठाणेही याच जिल्ह्यातले. यामागचे कारण इथे कुणाला फोड करून सांगावे लागत नाही. पाव्हण्याला पाण्याचा तांब्या दिला की आधी गाव विचारतात, मग आडनाव. आडनाव कळले की पुढचे बोलणे कोणत्या सुरात करायचे ते आपोआप ठरते. कोण बोलतो, कुणाशी बोलतो आणि समोरच्याला कोण समजून बोलतो, हेच तर वक्तृत्वशास्त्राचे मूळ प्रश्न.

अशा गावातल्या विद्यार्थ्याने वक्तृत्वशास्त्राच्या प्रकल्पासाठी नागराज मंजुळे यांचा ‘फॅन्ड्री’ हा सिनेमा घेतला, तर पहिली अडचण येते ती सिद्धान्ताची. कोणता लावायचा? सगळ्यात सोपा ॲरिस्टॉटल. बोलणाऱ्याची विश्वासार्हता, श्रोत्याच्या भावना आणि युक्तिवाद असे तीन रकाने आखायचे आणि भरायचे. दिग्दर्शक त्या जगण्यातून आलेला, म्हणून विश्वास. नायक जब्याचे शालू या मुलीवरचे एकतर्फी प्रेम, म्हणून भावना. रकाने भरतात, गुणही मिळतात. पण जब्याने शेवटी भिरकावलेला दगड कोणत्याच रकान्यात मावत नाही.

आपल्या घरचे रसशास्त्र घ्यावे, तर ते जास्त खोल जाते. भट्टनायकाचे साधारणीकरण सांगते की रसास्वादाच्या वेळी प्रेक्षक आपले खासगीपण विसरतो. दुःख अमक्या-तमक्याचे उरत नाही, माणसाचे होते. जब्या काळ्या चिमणीमागे रानोमाळ भटकतो तेव्हा हे पटतेही. खरी मेख मात्र इथेच आहे. जातीवरच्या सिनेमात प्रेक्षकाला आपली जात विसरू देणे ही त्याला दिलेली सवलत ठरते. डोळे पुसून तो बाहेर येतो आणि करुण रसाचा आस्वाद घेतल्याचे समाधान पदरात पाडून घेतो. दलित साहित्याला आनंदवादी मोजपट्टी चालणार नाही, असे शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’मध्ये मांडले, ते यासाठीच.

तिसरी वाट वक्तृत्वाचा अभ्यासक केनेथ बर्क याची. तो 1950 मध्ये म्हणाला की मन वळवण्याच्या मुळाशी तादात्म्य असते. तू माझ्यासारखा आहेस, हे पटवावे लागते. त्याने लगेच पुढेही बजावले की माणसे मुळात विभागलेली असतात, म्हणूनच तादात्म्याची गरज पडते. ‘फॅन्ड्री’तला डुक्कर पकडण्याचा प्रसंग या कसोटीवर उलगडतो. जब्याचे माने कुटुंब डुकरामागे धावते आणि गाव कडेला उभे राहून मॅच बघावी तसे हसते. डुक्कर हाताशी येते तोच शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते. जब्या ताठ उभा राहतो, घरचेही थांबतात आणि डुक्कर निघून जाते. राष्ट्रगीताने सगळ्यांना एक केले. ते थांबताच धावणारे आणि हसणारे पुन्हा वेगळे झाले. पुढे बांबूला बांधलेले डुक्कर खांद्यावर घेऊन माने कुटुंब एका भिंतीपुढून जाते. भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई, गाडगेबाबांची चित्रे आहेत. कुणी काही बोलत नाही. ज्यांचे फोटो प्रत्येक शाळेत लागतात, त्यांचे म्हणणे शाळेच्या भिंतीबाहेर किती पोचले, हा प्रश्न तेवढ्यात विचारून होतो.

तरी दगडाचे उत्तर राहतेच. ते मिळते एडविन ब्लॅक या दुसऱ्या वक्तृत्व-अभ्यासकाकडे. 1970 मध्ये त्याने मांडले की प्रत्येक भाषणात वक्त्याबरोबर एक गृहीत धरलेला श्रोताही दडलेला असतो. भाषण त्याला कोण व्हायला सांगते ते तपासावे. जब्याचा दगड सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे येतो. तोवर आपण स्वतःला जब्याच्या बाजूचे समजत होतो. सिनेमा आपल्याला हसणाऱ्यांच्या रांगेत नेऊन बसवतो. वंशद्वेषावरच्या ‘डू द राइट थिंग’मध्ये (1989) स्पाइक ली यांनीही पात्रांना थेट कॅमेऱ्यात बघून एकमेकांच्या वंशाला शिव्या द्यायला लावले होते. अंतर हजारो मैलांचे, पण प्रेक्षकाला पळवाट ठेवायची नाही हा हट्ट दोघांचा एकच.

ब्लॅकही पुरता पुरत नाही. त्याचा गृहीत श्रोता एकच असतो. सिरसाळ्यातल्या एका वर्गात मात्र दगड मारणाऱ्याच्या घरची मुलेही असतील आणि दगड ज्यांच्याकडे येतो त्यांचीही. एकाला तो दगड अंगावर आल्यासारखा वाटेल, दुसऱ्याला आपणच मारल्यासारखा. म्हणून सिद्धान्त आधी ठरवून सिनेमा त्यात कोंबू नये. आपण कुठे हसलो, कुठे गप्प झालो आणि शेजारचा तिथे का हसला नाही, हे आधी लिहून काढावे. जो सिद्धान्त या फरकाचा हिशेब देतो तो घ्यावा. प्रेक्षकाला अंग चोरून बसू देणारा सिद्धान्त कितीही नामांकित असो, या सिनेमापुरता तो बिनकामाचा.