न दिसलेल्या दोन वाटा

डोळ्यांना न दिसणारी गोष्ट आहे असे मानणे हे शास्त्राच्या इतिहासात कधी अंधतेचे लक्षण ठरले आहे, कधी थोर दृष्टीचे. आणि या दोहोंतील भेद रक्ताभिसरणाच्या कल्पनेच्या इतिहासात मला जितका स्वच्छ दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसतो.

दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन याच्या मते अन्नरसापासून यकृतात रक्त तयार होते, शिरांवाटे सर्वांगात जाते आणि तेथेच खर्ची पडते. त्यातला थोडा अंश हृदयाच्या उजव्या बाजूकडून डावीकडे झिरपतो, व त्यासाठी मधल्या पडद्याला अतिसूक्ष्म छिद्रे आहेत. ती छिद्रे कोणी पाहिली नव्हती. परंतु ती नसतील तर सगळी उपपत्तीच ढासळते, सबब ती असलीच पाहिजेत, अशा या न्यायाचा अंमल युरोपच्या वैद्यकावर सुमारे चौदाशे वर्षे चालला. कैरोच्या इब्न अल्-नफीसने तेराव्या शतकातच पडदा अभेद्य असल्याचे आणि रक्त फुप्फुसांतून फिरून डावीकडे येत असल्याचे लिहून ठेवले होते. व्हेसालियसनेही आपल्या शारीरग्रंथाच्या १५५५ च्या आवृत्तीत छिद्रांविषयी उघड शंका घेतली. पण छिद्रे नाकारणे वेगळे आणि सर्व रक्ताचा जमाखर्च मांडणे वेगळे.

तो मांडला विल्यम हार्वीने, १६२८ साली फ्रँकफुर्ट येथे छापलेल्या एका लहानशा लॅटिन ग्रंथात. एका ठोक्याला अवघे अर्धा औंस रक्त हृदयातून बाहेर पडते आणि अर्ध्या तासात हजारच ठोके पडतात, असे हात राखून धरले तरी पाचशे औंस, म्हणजे सुमारे १५ लिटर रक्त होते. इतके सबंध देहातही नसते, मग अन्नापासून ते दर अर्ध्या तासाला नव्याने कोठून यावे? ताळा जुळायचा तर गेलेले रक्तच परत येत असले पाहिजे.

याची रुजुवात त्याने माणसाच्या हातावर करून दाखविली. दंडाला बेताची घट्ट पट्टी बांधली की कोपराखालच्या शिरा फुगतात आणि त्यांवर मधूनमधून बारीक गाठी उठतात. एका बोटाने शीर दाबून धरावी आणि दुसऱ्या बोटाने तिच्यातले रक्त वरच्या गाठीपलीकडे सारावे; मधला भाग रिताच राहतो, वरचे रक्त खाली उतरत नाही; खालचे बोट उचलावे, तोच तो पंजाच्या बाजूने भरून येतो. त्या गाठी म्हणजे शिरांतील झडपा. पाडुआ येथील त्याचे गुरू फाब्रिशियस यांनी त्यांचे वर्णन केले होते, पण त्यांचे खरे प्रयोजन शिष्याला उमगले.

धमनीच्या टोकापासून शिरेच्या मुखापर्यंत रक्त जाते कसे, हे मात्र हार्वीलाही दिसले नाही. त्यानेही एक अदृश्य वाट गृहीत धरली. तरीही गॅलेनची छिद्रे आणि हार्वीची वाट यांना मी एका तागडीत घालणार नाही. कारण पहिली मतासाठी कल्पिलेली होती, तर दुसरी मान्य करणे हिशेबाने भाग पडले होते, आणि तो हिशेब कोणालाही तपासता येत होता. हार्वी १६५७ मध्ये वारला; १६६१ मध्ये बोलोन्याच्या मालपीगीने सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसातील केशवाहिन्या पाहिल्या.

श्वास कशासाठी, हा प्रश्न उरलाच होता. हृदयाचा दाह शमविण्यासाठी, हे जुने उत्तर रिचर्ड लोअरच्या १६६९ च्या ग्रंथाने डळमळले. काळपट रक्त फुप्फुसांत हवेच्या संपर्काने लालभडक होते, हे त्याने प्रयोगाने दाखविले. पुढे प्राणवायूचा शोध लागला. तरीही फुप्फुस तो आपल्या कर्तृत्वाने रक्तात ओढून घेते, असे कोपनहेगनचे ख्रिश्चन बोर यांच्यासारखे थोर शारीरक्रियाशास्त्रज्ञ मानीत. त्यांचेच शिष्य ऑगस्ट क्रोग यांनी पत्नी मारी यांच्यासह १९१० मध्ये मापने घेऊन दाखविले, की वायूचा दाब जिकडे अधिक तिकडून तो कमी दाबाकडे आपोआप जातो: वायुकोशांतून रक्तात प्राणवायू, रक्तातून वायुकोशांत कर्बद्विप्राणिल. मधली भिंत मिलिमीटरच्या सहस्रांशाहूनही पातळ असते.

आपल्या शाळांतून हृदयाची आकृती निळ्या-तांबड्या पेन्सिलीने काढून घेतात. शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे, की ती काढून घेण्यापूर्वी एकदा स्वतःच्या दंडाला रुमाल बांधावा आणि फुगलेली शीर मुलांना बोटाने दाबून पाहू द्यावी.