किल्ली आबांकडे

बालाघाटाच्या पायथ्याशी, बीड जिल्ह्यात, एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण तिथं कुणालाही विचारलंत तरी ही गोष्ट शेजारच्या गावातली आहे असंच तो सांगेल. जमीन हलकी, पाऊस बेताचा. दसरा-दिवाळी झाली की निम्मं गाव ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत बसतं आणि कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाच्या उसाच्या फडांकडं निघतं. तिथं मजूर माणसांत मोजत नाहीत, कोयत्यांत मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो तीही जोडीवर. त्यामुळं पोराला मिसरूड फुटलं की घरच्यांना सुनेची घाई होते, आणि ज्या घरात पोरगा नाही, पोरगी आहे, तिथं वेगळी घाई असते. ती पुढं येईल.

गावात दहावीपर्यंतची शाळा आहे. संस्थेचे अध्यक्ष आबा. माळकरी, सरळ माणूस, शब्दाला पक्का. बारा संकरित गाई, रोजचं दूध डेअरीला. गाय माजावर आली की आबा डॉक्टरांना फोन लावत, आणि रेतन होईपर्यंत गोठ्यात घरची सगळी लेकरं उभी असत. कुठली गाय किती महिन्यांची गाभण, हे त्यांच्या आठ वर्षांच्या नातीलाही पाठ होतं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे, वाटायचं कारणही नव्हतं.

शाळेत मात्र दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला माणसाच्या प्रजननाचा धडा वर्षानुवर्षं ‘घरी वाचून घ्या’ या तीन शब्दांत संपत होता. नवीन बाई आल्या आणि त्यांनी तो शिकवला. फळ्यावर आकृती काढली, तिला नावं दिली. कुणीतरी त्या फळ्याचा फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होता आणि दुसऱ्या दिवशी पालकसभा होती.

सभेत आबा जे बोलले ते मूर्खपणाचं नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. अशा गोष्टींत म्हाताऱ्यांना उगाच खलनायक करतात. आबा म्हणाले, “लेकरांना संयम शिकवा. लग्नापर्यंत थांबा म्हणा. एका तोंडानं थांबा म्हणायचं आणि दुसऱ्या तोंडानं नाही थांबलात तर असं करा, हे सांगायचं; मग लेकरू ऐकणार कोणतं? गोठ्याचं फाटक उघडं टाकून वासराला बाहेर जाऊ नको म्हणण्यातला हा प्रकार आहे.”

बाई म्हणाल्या, “थांबा असं मीही सांगते. पण कशापासून थांबायचं ते तरी सांगायला नको का?”

वाद जुनाच आहे. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२७ साली मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं तेव्हाही हेच चाललं होतं. वाचक त्यांना पत्रांतून शरीराबद्दलच्या शंका विचारत आणि कर्वे छापील उत्तरं देत. त्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये कर्व्यांच्या बाजूनं उभे राहिलेले वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कर्वे हरले, दंड भरला, मासिक चालूच ठेवलं. पुढं २००७ साली किशोरवयीन मुलांसाठीच्या शिक्षण कार्यक्रमातल्या चित्रांवरून आपल्या विधिमंडळात गदारोळ झाला आणि कार्यक्रम थांबला. गंमत अशी की त्याच वर्षी अमेरिकेत, जिथं सरकारनं केवळ संयम शिकवण्यावर अमाप पैसा ओतला होता, तिथल्या सरकारनंच करून घेतलेल्या मोठ्या पाहणीचा निकाल आला: संयमाचे वर्ग केलेली मुलं आणि न केलेली मुलं यांच्या वागण्यात काही फरक पडला नव्हता. आबांना हे कुणी सांगितलं असतं तरी ते म्हणाले असते, अमेरिकेतल्या पोरांचं काय सांगता?

सभेत शेवटी तडजोड झाली. रोज परिपाठात मुलांनी संयमाची शपथ घ्यायची. बाईंना वर्गाबाहेर एक प्रश्नपेटी ठेवता येईल, चिठ्ठीवर नाव नको. पण पेटीची किल्ली आबांकडं राहील, आणि कोणत्या प्रश्नाला उत्तर द्यायचं ते आबा ठरवतील. बाईंनी ताबडतोब होकार दिला. इतक्या ताबडतोब, की आबांना जरा संशयच आला.

पंधरा दिवसांनी आबांनी पेटी घरी नेली आणि संध्याकाळची धार झाल्यावर गोठ्यातल्या बाजेवर बसून उघडली. घाण निघणार याची त्यांना खात्री होती. ती निघाल्यावर बाईंसमोर टाकायची, विषय मिटला.

एक घाण निघाली. कुणीतरी खुद्द आबांचं चित्र काढलं होतं, फेट्यासकट, आणि फेट्याखाली फारसं काही नव्हतं. आबांनी ते घडी करून खिशात घातलं.

बाकीच्या चिठ्ठ्या अशा होत्या. ‘झोपेत कपडे ओले होतात. स्टँडमागच्या भिंतीवरच्या डॉक्टरला दोन हजार दिले, त्यानं पुड्या दिल्या. शक्ती परत येईल का?’ ‘पाळीत लोणच्याला हात लावला तर खरंच नासतं का? मी लावून बघितला, नासलं नाही, पण आईला सांगितलं नाही.’ ‘एकाच ग्लासातून पाणी प्यायलं तर एड्स होतो का?’ ‘मुलाशी बोललं तर दिवस जातात का?’ ही शेवटची कुणीतरी खोडून पुन्हा लिहिली होती. एका चिठ्ठीत होतं, ‘आमच्या काकूला तिन्ही मुलीच झाल्या. काका म्हणतो तिचाच दोष. खरंय का?’

ही चिठ्ठी आबा बराच वेळ धरून बसले. त्यांच्या स्वतःच्या सुनेलाही तीन मुलीच होत्या, आणि घरात जे बोललं जायचं ते आबांच्या समोरच बोललं जायचं. आणि गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरांना सांगून त्यांनी आपल्या गाईसाठी जास्तीचे पैसे मोजून ती खास कांडी मागवली होती, जिच्यातून बहुतेक वेळा कालवडच होते. नर की मादी हे ठरवायला त्यांनी गाय बदलली नव्हती, वळूचं बीज निवडून आणलं होतं. या उत्तराचे पैसे मोजून पावती त्यांनी कपाटात ठेवली होती. सुनेशी त्या रात्री ते काही बोलले नाहीत. बोलायला बराच काळ गेला, पण ती वेगळी गोष्ट आहे.

तळाशी एक चिठ्ठी होती. वहीच्या पानाचा चतकोर, अक्षर सुबक. ‘लग्नापर्यंत थांबायचं अशी शपथ आम्ही रोज घेतो. माझं लग्न तुळशीच्या लग्नानंतर आहे. त्यानंतर काय करायचं ते शपथेत नाही.’

आबांना अक्षर ओळखायची गरज पडली नाही. त्या लग्नाचा मांडव शाळेच्या मैदानावर घालायची परवानगी त्यांनीच दिली होती. मुलगी सोळा वर्षांची, दहावीत, गणितात पहिली. स्थळ चांगलं आहे असं त्यांनीच बापाला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी ती चिठ्ठी बाईंच्या टेबलावर ठेवली.

“हिला काय उत्तर द्याल?”

बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. “आधी हे सांगीन की अठराच्या आत तिचं लग्न लावणं गुन्हा आहे. लावणाऱ्यांचा, जेवायला जाणाऱ्यांचा, आणि मांडवाला जागा देणाऱ्यांचाही. ते थांबवायला गावात ग्रामसेवक आहे, १०९८ वर फोन आहे. झालंच तर, नवरा असला तरी ती अठराची होईपर्यंत त्याला तिच्या अंगाला हात लावता येत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०१७ सालीच सांगितलंय. आणि या सगळ्यानंतरही कुणी तिला फडावरच्या झोपडीत, कोपीवर, नेलंच, तर सोळाव्या वर्षी अंगात रक्त नसताना उसाच्या मोळ्या उचलत बाळंतपण काय असतं, ते लांबवता कसं येतं, आणि कुठल्या दवाखान्यात कुणाला भेटायचं, हेही सांगीन.”

“हे शेवटचं शिकवणं म्हणजे लग्नाला होकार दिल्यासारखं होत नाही का?”

“होकार कुणी दिलाय, आबा?”

आबा उठले आणि थेट मुलीच्या घरी गेले. बाप अंगणात कोयत्याला धार लावत होता. आबांना वाटलं होतं दोन शब्द दरडावलं की काम होईल. आजवर व्हायचं.

बापानं कोयता बाजूला ठेवला. “आबा, मी काय हौसंनं करतो का? सहा महिने आम्ही दोघं फडात. पोरगी इथं म्हातारीपाशी. म्हातारीला रात्रीचं दिसत नाही. काही कमीजास्त झालं तर तुमी येणार का धावून? संगं न्यावी तर कोपीला दार नसतं, न्हाणीला आडोसा नसतो. पोरगी जपायची कशी ते शाळंत शिकवता का? नवऱ्याच्या हवाली केली म्हंजी सुरक्षित, आमाला एवढंच ठाऊक.”

सुरक्षिततेचा मुद्दा सभेत बाईंनी मांडला होता आणि संयमाचा आबांनी. हा माणूस त्या सभेला नव्हता. त्याला दोन्ही एकाच लग्नात उरकायचे होते. अशा बापांवर लेख लिहिणारे आपण शहरात बसून त्यांना अडाणी म्हणतो. अडाणी तो नव्हता. त्याच्यापुढं दुसरी सोयच कुणी ठेवली नव्हती.

“उचल घेतलीस?” आबांनी विचारलं.

“मी नाही. जावयानं घेतली. जोडीची.”

म्हणजे मुलीचा अर्धा कोयता लग्नाआधीच विकला गेला होता.

पुढं जे झालं ते एका दिवसात झालं नाही आणि सगळं गोडही झालं नाही. शाळेच्या मागच्या दोन खोल्यांत खतांची पोती होती, तीही आबांचीच. ती निघाली. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी सरकारची हंगामी वसतिगृहाची सोय असते, तिच्यासाठी मुख्याध्यापकांनी कागद रंगवायला घेतले. कागद येईपर्यंत आबांची विधवा बहीण तिथं मुलींसोबत झोपायला तयार झाली, आणि तिचा आवाज असा होता की कुंपणाबाहेरची कुत्रीही गप्प बसत. ग्रामसेवकानं बापाकडून हमीपत्र लिहून घेतलं. जावई दोनदा येऊन शिवीगाळ करून गेला. मुकादमाचा हिशेब तोडताना आबांना एक गाय विकावी लागली. बाप आजही म्हणतो, परीक्षेपर्यंत थांबतो. आबा म्हणतात, अठरापर्यंत. मुलगी काय म्हणते हे तिला पहिल्यांदा बाईंनी विचारलं. तिनं सांगितलं ते बाईंनी कुणाला सांगितलेलं नाही.

राहिला धडा. आबा आता त्याच्या विरोधात नव्हते, पण बाजूनंही पूर्ण नव्हते. पेटीतली प्रत्येक चिठ्ठी घेऊन ते बाईंपुढं बसले. संयमाची शपथ राहणार, हा त्यांचा आग्रह बाईंनी मान्य केला; फक्त तिच्यामागची कारणं सांगायची असं ठरलं. मन आणि शरीर तयार नसतं म्हणून थांबायचं. दुसऱ्यानं नाही म्हटलं तर तिथं विषय संपतो. अठराच्या आतल्या मुलामुलींच्या संबंधात त्यांची संमती कायदा मानत नाही, पोक्सो लागतो, आणि पोराचं आयुष्य कोर्टात जातं. यावर आबांनी मान डोलावली. झोपेत होतं तो आजार नाही, पुड्या गटारात टाका, हे मुलांना सरांनी सांगायचं. पाळीचं बाईंनी, मुलामुलींना एकत्र बसवून. इथं आबा थोडे चुळबुळले. एचआयव्ही ग्लासातून, ताटातून, हात मिळवून होत नाही. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथं विचारायला लाजू नका. कुणा मुलीवर वेळ आलीच तर गर्भपात कायदेशीर आहे, त्याला मुदत आहे, म्हणून लपवत दिवस घालवू नका.

गाडी अडली ती निरोधावर.

“एवढं सोडून द्या, बाई,” आबा म्हणाले. “बाकी सगळं मान्य.”

“आशाताईंच्या पिशवीत तो वर्षभर असतो, आबा. पुढच्या वर्षी यातली निम्मी पोरं फडात असतील, काहींची लग्नं झालेली असतील. त्यानं सहसा दिवसही राहत नाहीत आणि रोगही लागत नाही, एवढी दोन वाक्यं.”

“दोनच?”

“दोनच. आणि तो वापरायचा कसा, याचं एक.”

“म्हणजे तीन झाली.” आबा उठून खिडकीपाशी गेले, परत आले. “सरांना सांगा मुलांच्या तासाला. मी मागं बसतो.”

“तुम्ही मागं बसलात तर एकही पोरगं प्रश्न विचारणार नाही.”

“मग बाहेर बसतो.”

तास कधी घ्यायचे यावर पुन्हा घोळ झाला. मुख्याध्यापकांनी दिवाळीनंतरचा आठवडा सुचवला. बाईंनी हजेरीपट उघडून दाखवला: दिवाळीनंतर वर्गात अर्धी बाकं रिकामी असतात, आणि ज्यांना हे कळायला हवं तीच मुलं त्या बाकांवरची. दसऱ्याआधी घ्यायचं तर परीक्षा तोंडावर. त्याच्याही आधी घ्यायचं तर मधला एकच आठवडा मोकळा होता.

“तो पितृपक्ष आहे,” आबा म्हणाले. “पितृपक्षात चांगल्या कामाला सुरुवात करू नये.”

बाईंनी वेळापत्रकावर तारीख लिहिली आणि सहीसाठी कागद त्यांच्यापुढं सरकवला.